वाऱ्याने पडलेल्या कैऱ्यांची गोड-तिखट चटणी

चैत्र-वैशाखात रायगडाच्या पायथ्याशी वावटळ सुटली, की पाचाड व आसपासच्या वाड्यांतील रायवळ आंब्यांखाली कैऱ्यांचा सडा पडतो. त्यांतील थोड्या कैऱ्या लोणच्यात जातात, थोड्यांची आंबोशी व कायरस होतो, काही मुले मीठ-तिखट लावून खातात आणि उरलेल्या तिथेच सडतात. महाडच्या बाजारापर्यंत सुमारे २४ किलोमीटर वाहतूक करावी, तर डाग लागलेल्या कैरीला तेथे भाव मिळत नाही. पुढे जूनमध्ये पाऊस सुरू होतो. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या भागात झाडाखालच्या फळाला मग कोणी वालीच राहत नाही.

अशा कैऱ्यांपासून एक टिकाऊ पदार्थ घरच्या घरी करता येतो. तो म्हणजे साखर, शिरका, मिरची, आले, लसूण व गरम मसाला घालून शिजवलेली दाट, गोड-तिखट चटणी. भाजलेल्या कोंबडीबरोबर व मटणाबरोबर ती फार चांगली लागते. तिची कृती अवघड नाही. मात्र ती अंदाजाने केल्यास बिघडते व वजनाने केल्यास टिकते. हा एकच मुद्दा ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी नीट लक्षात घ्यावा व गावातील भगिनींच्या मनावर बिंबवावा, यासाठी हा लेखप्रपंच आहे.

चटणी आणि भाजलेले मांस

कैरी आणि गोड यांची सांगड आपल्याकडे नवीन नाही. मेथांबा, गुळांबा व साखरांबा हे पदार्थ कोकणातील प्रत्येक घराला ठाऊक आहेत. इंग्रजांच्या अमदानीत येथील कैरीच्या गोड चटणीत शिरका व सुका मेवा पडू लागला. एकोणिसाव्या शतकात ही चटणी बाटल्यांतून इंग्लंडला जाऊ लागली आणि तेथे भाजलेल्या मांसाबरोबर खाण्याची रीत रुळली. ‘चटणी’ हा आपला शब्द इंग्रजी भाषेत कायमचा गेला, तो याच व्यवहारातून.

आपल्या रायगड जिल्ह्यात भाजलेल्या मांसाचा स्वतःचा एक थाट आहे, तो म्हणजे पोपटी. भात कापणीनंतर जमिनीत राहिलेल्या ओलीवर वाल पेरला जातो. थंडीत त्याच्या शेंगा भरल्या, की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून त्यात वालाच्या शेंगा, अंडी व मसाला लावलेली कोंबडी भरतात. मडक्याचे तोंड पाल्याने बंद करून ते उपडे ठेवतात आणि भोवती पेंढा व काटक्या रचून पेटवतात. पाण्याचा थेंबही न घालता सारे आतल्या वाफेवर व आचेवर शिजते. अशा भाजक्या, धुरकट चवीच्या कोंबडीला आंबट-गोड-तिखट जोड मिळाली, तर जेवणाची लज्जत वाढते. कारण आंबटपणाने मांसातील चरबीचा जडपणा जिभेला कमी जाणवतो.

तथापि येथे एक अडचण आहे. कैरी वैशाखात पडते आणि पोपटी पौष-माघात लागते. मध्ये आठ महिन्यांचा काळ व कोकणचा संपूर्ण पावसाळा आहे. तेव्हा ही चटणी केवळ रुचकर असून भागणार नाही. ती पावसाळा ओलांडून टिकली पाहिजे.

चटणी टिकते कशाने?

अन्न बिघडवणारे सूक्ष्म जीव तीन प्रकारचे : जिवाणू, यीस्ट व बुरशी. आंबट पदार्थात बहुतेक घातक जिवाणूंची वाढ होत नाही. त्यासाठी पदार्थाचा सामू ४.६ पेक्षा कमी असावा लागतो. कच्ची कैरी व शिरका यांमुळे आपली चटणी त्याहून पुष्कळच आंबट होते. लसूण, कांदा व आले स्वतः आंबट नाहीत. म्हणून ते वाढवून शिरका कमी करणे धोक्याचे आहे.

यीस्ट व बुरशी यांना मात्र आंबटपणाचे भय नसते. त्यांना रोखते ती साखर. साखर व मीठ पाण्याला बांधून ठेवतात आणि या जीवांना वाढीस लागणारे पाणी मिळू देत नाहीत. त्यासाठी साखर पुरेशी हवी व चटणी पुरेशी आटलेलीही हवी. उरलेले काम आच, स्वच्छ बाटली व हवाबंद झाकण करतात. आंबटपणा, साखर, आटवण व स्वच्छता या चार खांबांपैकी एक काढला, तरी छप्पर खाली येते.

अन्न सुरक्षा व मानके यांच्या २०११ च्या विनियमांनुसार फळांच्या चटणीत फळाचे प्रमाण किमान ४० टक्के व विद्राव्य घन पदार्थ किमान ५० टक्के असावे लागतात. पुढे दिलेल्या कृतीत ही दोन्ही प्रमाणे राखून वर बराच वाव ठेवला आहे.

एक अनुभव

प्रस्तुत लेखकाने या भागात प्रथम ही चटणी दाखवली, तेव्हा भगिनींना सोपे जावे म्हणून सारी मापे वाटीने सांगितली. प्रात्यक्षिकाच्या दिवशी चटणी उत्तम झाली. पुढे एका बचत गटाने आपल्या शिलकेतून बाटल्या आणल्या व स्वतः चटणी केली. परंतु प्रत्येक घरची वाटी निराळी. कैरीच्या फोडी वाटीत सैल बसतात, साखर दाटून बसते. शिवाय साखर महाग म्हणून ती थोडी कमी घेतली गेली आणि चटणी ‘दाट दिसते’ म्हणून लवकर उतरवली गेली. श्रावणात बाटल्यांची झाकणे फुगली. उघडताच फेस आला व आंबूस वास सुटला. सारा माल खड्ड्यात पुरावा लागला.

त्या भगिनींनी कोणालाही दोष दिला नाही. एका वृद्ध बाईंनी एवढेच विचारले, “साहेब, आम्ही भात मोजून विकतो, दूध मोजून घालतो, मग हे मोजून का नाही सांगितलंत?” या प्रश्नाला उत्तर नव्हते. चूक शिकवणाराची होती. पुढील हंगामात तराजू घेऊनच काम केले व खालील प्रमाण ठरवले. त्याप्रमाणे केलेली चटणी दोन पावसाळे चांगली राहिली.

लागणारे साहित्य

सोललेल्या व बाठ काढलेल्या कैरीच्या फोडी ५ किलो, साखर ४ किलो, मीठ २०० ग्रॅम, कांदा २५० ग्रॅम, आले १५० ग्रॅम, लसूण १०० ग्रॅम, बेदाणे २५० ग्रॅम, लाल मिरचीची पूड ६० ग्रॅम, जिरे २० ग्रॅम, मिरे १५ ग्रॅम, दालचिनी १५ ग्रॅम, वेलदोडे १५ ग्रॅम, लवंग ५ ग्रॅम, शिरका ७५० मिलिलिटर आणि पाणी अर्धा लिटर.

शिरका, ज्याला बाजारात व्हिनेगर म्हणतात, तो घेताना बाटलीवरील आम्लतेचे प्रमाण वाचावे. ते किमान ४ टक्के असावे. सुटा, पाणी मिसळलेला शिरका घेऊ नये. तिखट कमी-अधिक करण्यास हरकत नाही. साखर, मीठ व शिरका मात्र कमी करू नये.

साखरेऐवजी गूळ वापरावयाचा असल्यास तो चांगल्या प्रतीचा, कोरडा घ्यावा, दिलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवून गाळावा व मगच घालावा. गुळाने चटणीचा रंग काळसर होतो, चव खमंग येते. पण गुळात ओल व अशुद्धता असल्याने टिकाऊपणा साखरेइतका भरवशाचा राहत नाही. विक्रीच्या मालासाठी साखरच बरी.

कैरीची निवड

बाठ टणक झालेली, पण गर अद्याप पांढरा किंवा किंचित पिवळसर व घट्ट असलेली कैरी घ्यावी. अगदी कोवळ्या कैरीला चव नसते. पाडाला आलेल्या कैरीचा आंबटपणा कमी झालेला असतो. ती या चटणीस घेऊ नये.

पडलेली कैरी त्याच दिवशी उचलावी. सकाळी झाडाखाली जुनी चादर किंवा पेंढा पसरून ठेवल्यास कैरी कमी ठेचते. फुटलेल्या, किडलेल्या, वास येणाऱ्या किंवा रात्रभर चिखलात पडून राहिलेल्या कैऱ्या बाजूला काढाव्या. नुसता ठेचल्याचा डाग असेल, तर तो भोवतीच्या गरासह सढळ हाताने कापून टाकावा. फळ हाताळण्यापूर्वी देठाकडील चीक धुऊन घ्यावा. तो अंगाला लागल्यास त्वचा पोळते व पदार्थात गेल्यास चव तुरट होते.

५ किलो फोडी मिळण्यासाठी साधारणतः ८ ते १० किलो अखंड कैरी लागते. रायवळ जातीत बाठ मोठी असल्याने हे प्रमाण झाडागणिक बदलते. म्हणून वजन नेहमी सोलून कापलेल्या फोडींचेच करावे.

भांडी

चटणी स्टीलच्या जाड बुडाच्या पातेल्यातच शिजवावी. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ शिजवल्यास धातूचा अंश उतरतो व विषबाधा होऊ शकते. कल्हई असली, तरी ती कोठे उडाली आहे हे दिसत नाही. ॲल्युमिनियमला आम्ल खाते आणि लोखंडी कढईत चटणी काळी पडते. ढवळण्यास लांब दांड्याचा लाकडी किंवा स्टीलचा डाव घ्यावा. साखरेचा पाक उसळून हातावर उडतो, तेव्हा आखूड डाव धोक्याचा.

काम सुरू करण्यापूर्वी रिकाम्या पातेल्याचे वजन करून ते भिंतीवर खडूने लिहून ठेवावे. या आकड्याचे महत्त्व पुढे कळेल.

कृती

१. कैऱ्या स्वच्छ पाण्याने दोनदा धुवाव्या, पुसाव्या, सोलाव्या व बोटाच्या पेराएवढ्या पातळ फोडी कराव्या. किसलेली कैरी घेतल्यास चटणी एकजीव होते. फोडींची चटणी दिसण्यास चांगली.

२. कांदा, आले व लसूण बारीक वाटावे. जिरे, मिरे, दालचिनी, वेलदोडे व लवंग जाडसर कुटून पातळ स्वच्छ फडक्यात सैल पुरचुंडी बांधावी.

३. पातेल्यात फोडी व अर्धा लिटर पाणी घालून झाकण ठेवावे व मंद आचेवर १० ते १५ मिनिटे शिजवावे. फोड बोटाने दाबली असता सहज दबली पाहिजे. साखर त्यानंतरच घालावी. कच्च्या फोडीत साखर घातल्यास फोडीतील पाणी ओढले जाते, ती चिवट होते व मग कितीही शिजवली तरी मऊ होत नाही.

४. वाटण, मिरचीची पूड, मीठ व मसाल्याची पुरचुंडी घालावी. पाच मिनिटांनी साखर घालून ती विरघळेपर्यंत सतत ढवळावे.

५. झाकण काढून मध्यम आचेवर चटणी आटवावी. चुलीवर काम असल्यास जाळ एकसारखा ठेवावा. चटणी दाट होऊ लागताच आच मंद करावी व बुडापासून ढवळत राहावे. एकदा बुडाला लागलेली चटणी दुरुस्त होत नाही.

६. चटणी जॅमसारखी दाट झाली, की पुरचुंडी डावाने दाबून तिचा अर्क पातेल्यात उतरवावा व ती काढून टाकावी. आता बेदाणे व शिरका घालावा. शिरका आधी घातल्यास त्याची आम्लता वाफेबरोबर उडून जाते. म्हणून तो शेवटी घालावयाचा. नंतर आणखी सुमारे १० मिनिटे, चटणी पुन्हा तेवढीच दाट होईपर्यंत शिजवावे.

उतरवण्याची खूण

येथेच बहुतेकांची चूक होते. गरम चटणी पातळ दिसते व गार झाल्यावर दाट होते, हे जितके खरे, तितकेच उकळती चटणी बुडबुड्यांमुळे फसवी दाट दिसते हेही खरे. म्हणून दोन कसोट्या लावाव्या.

पहिली कसोटी बशीची. गार बशीत चमचाभर चटणी टाकून दोन मिनिटे थांबावे. तिच्या कडेने पाण्याची रेघ सुटली, तर चटणी अजून कच्ची आहे.

दुसरी व खरी कसोटी वजनाची. पातेले जाळावरून उतरवून दोघींनी जाड कोरड्या फडक्याने धरून जमिनीवर ठेवलेल्या तराजूवर ठेवावे. एकूण वजनातून रिकाम्या पातेल्याचे वजन वजा करावे. पातेले ३ किलोचे असेल, तर काटा ११ किलोवर यावयास हवा. म्हणजे चटणी ८ किलो झाली. ती ८ किलोहून अधिक भरल्यास पुन्हा चुलीवर ठेवावी. भोवती मुले नसतील, याची मात्र आधी खात्री करावी.

वर दिलेले सर्व साहित्य पाण्यासह ११ किलोहून थोडे अधिक भरते. त्यातील सुमारे ३ किलो पाणी वाफ होऊन गेले, की चटणीतील घन पदार्थ कायद्याच्या किमान मर्यादेच्या बरेच वर जातात व ती टिकाऊ होते. डोळ्यांनी न दिसणारी ही गोष्ट तराजू सांगतो.

बाटल्या भरणे

काचेच्या रुंद तोंडाच्या बाटल्या साबणाने धुऊन, मोठ्या पातेल्यात तळाशी फडके घालून, पाण्यात बुडवून १५ मिनिटे उकळाव्या. त्या स्वच्छ फडक्यावर उपड्या ठेवून निथळू द्याव्या व गरम असतानाच भराव्या. गार बाटलीत उकळती चटणी ओतल्यास काच तडकते. झाकणे नवी असावी. जुन्या, गंजलेल्या झाकणांनी हवा बंद होत नाही.

चटणी गरम असतानाच गळ्याशी अर्धा सेंटिमीटर जागा सोडून भरावी. आत अडकलेली हवा स्वच्छ सुरीने मोकळी करावी, बाटलीचा काठ पुसावा व झाकण घट्ट लावावे. यानंतर बंद बाटल्या गरम पाण्यात बुडवून ते पाणी १५ मिनिटे उकळावे. बाहेर काढून लाकडी फळीवर, वारा लागणार नाही अशा जागी गार होऊ द्याव्या. ८ किलो चटणीतून २५० ग्रॅमच्या साधारण ३० बाटल्या भरतात.

प्रत्येक बाटलीवर तारीख लिहावी. बाटल्या कोरड्या, अंधाऱ्या व थंड जागी ठेवाव्या. पावसाळ्यात ओल सुटणाऱ्या भिंतीला लावून ठेवू नयेत. तीन ते चार आठवडे मुरल्यावर मसाल्याचा उग्रपणा जाऊन चव खुलते. वैशाखात भरलेली बाटली पोपटीच्या दिवसांत ऐन बहरात असते. उघडलेल्या बाटलीत ओला चमचा घालू नये. घरी शीतपेटी असल्यास त्यात ठेवावी व लवकर संपवावी.

दोष व त्यांची कारणे

झाकण फुगणे, फेस व आंबूस वास : साखर कमी पडली, आटवण अपुरी राहिली किंवा बाटली अस्वच्छ होती. असा माल चाखूनही पाहू नये, पुरून टाकावा.

वर बुरशीचा थर : झाकण सैल राहिले किंवा ओला चमचा गेला. वरचा थर काढून उरलेली चटणी वापरणे योग्य नाही.

कडेने पाणी सुटणे : बशीची व वजनाची कसोटी घेतली नाही.

फोडी चिवट : साखर लवकर घातली.

रंग काळा व चव कडवट : आच प्रखर झाली व चटणी बुडाला लागली.

करवंदाची चटणी

रायगडाच्या उतारावरील जाळ्यांत वैशाखात करवंदे पिकतात. त्यांची चटणीही याच रीतीने होते. देठ काढून धुतलेली ५ किलो पिकलेली करवंदे एक लिटर पाण्यात १५ मिनिटे शिजवावी व स्टीलच्या चाळणीतून दाबून बिया वेगळ्या कराव्या. मिळालेल्या प्रत्येक किलो गरास साखर ७०० ग्रॅम, मीठ ४० ग्रॅम व शिरका १०० मिलिलिटर घ्यावा. वाटण व मसाला वरील प्रमाणाच्या पाचव्या हिश्शाइतका घ्यावा. प्रत्येक किलो गरामागे १,४०० ग्रॅम चटणी उरेपर्यंत आटवावे. रंग गडद जांभळा येतो व भाजलेल्या मटणाबरोबर ही चटणी विशेष जुळते. ज्यांना बांधावर करवंद लावावयाचे आहे, त्यांनी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण बोल्ड’ या मोठ्या फळांच्या जातीचा विचार करावा.

वाढण्याची रीत

चटणी बाटलीतून वाटीत काढून घ्यावी व भाजलेल्या कोंबडीबरोबर किंवा मटणाबरोबर वाढावी. मांसावर लावून भाजावयाची असल्यास शेवटच्या पाच मिनिटांतच लावावी; साखर आधी लावल्यास ती करपते व मांस आत कच्चे राहते. कच्च्या मांसाला लागलेला चमचा वा कुंचला पुन्हा बाटलीत मुळीच घालू नये. मांस न खाणाऱ्यांना हीच चटणी भाकरीबरोबर किंवा भाजलेल्या कंदांबरोबर आवडेल.

विक्रीचा विचार

पाचाड येथे राजमाता जिजाऊंची समाधी आहे. ती पाहण्यास व रायगडावर जाण्यास वर्षभर लोक येतात. ६ जूनच्या सुमारास शिवराज्याभिषेक सोहळ्यासाठी मोठी गर्दी होते. येथील घरगुती खाणावळींत कोंबडी व मटण शिजतेच. अशा ताटात वाटीभर चटणी वाढली व जाताना बाटली विकत मिळाली, तर गटाला दोन पैसे मिळू शकतील.

मात्र विक्रीपूर्वी अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये नोंदणी करून घ्यावी व नोंदणी क्रमांक, घटक, निव्वळ वजन आणि तयार केल्याची तारीख यांसह आवश्यक मजकूर बाटलीवर छापावा. किंमत ठरवताना कैरी फुकट आहे असे समजू नये; ती वेचण्याची, सोलण्याची व ढवळण्याची मजुरी धरावी. साखर, शिरका, मसाला, जळण, बाटली व झाकण यांचा खर्च लिहून काढावा. बहुधा कैरीपेक्षा बाटलीच महाग पडते. पहिल्या वर्षी एकच पातेले चटणी करावी, त्यातील चार बाटल्या स्वतःजवळ ठेवाव्या व दर महिन्यास तपासाव्या. पावसाळा संपेपर्यंत त्या चांगल्या राहिल्या, तरच पुढील हंगामात काम वाढवावे.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांना विनंती आहे, की प्रात्यक्षिकास जाताना पाककृतीच्या कागदाआधी तराजू बरोबर घ्यावा. गावातील भगिनींच्या हाताला चव आहे. ती शिकवण्याची आपणास गरज नाही. त्यांच्या बचतीचा एक रुपयाही अंदाजावर खर्च होणार नाही, एवढी जबाबदारी आपली आहे.